भोकं नसलेला टायर

माझ्या नवऱ्याला, ओमेरला, टायरचं भारी वेड. फ्लँडर्समध्ये जन्मलेल्या माणसाला सायकलचं वेड असणारच. पण हा आमच्या सायकल क्लबचा रोड कॅप्टन, रविवारच्या फेरीचा म्होरक्या, म्हणजे तर विचारूच नका! रविवारी निघण्याआधी प्रत्येकाच्या चाकापाशी वाकून बघतो. टायरवर टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं असतात. रबर झिजत गेलं की ती बुजतात, आणि बुजली की टायर बदलायचा. एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक.

त्या रविवारी त्याची धाकटी बहीण हिल्डे आली. कॅन्सरमधून उठल्यावर पहिल्यांदाच. केस आता कुठे बोटभर उगवले होते. हिवाळाभर घरातल्या घरात पायडल मारून तिनं अंगात बळ आणलं होतं. "क्लबबरोबर एकदा चॅपेलच्या टेकडीवर गेले ना, नेली वहिनी, की मी बरी झाले," असं मला सारखं म्हणायची.

ओमेर तिच्या मागच्या चाकाशी वाकला.

"भोकं कुठायत? बुजली की! हा टायर मेलाय. घरी जा."

"अरे, नवा कोरा आहे. परवाच बसवलाय."

"मला शिकवतेस?"

मी म्हटलं, "ओमेर, सगळ्याच कंपन्या भोकं पाडत नाहीत. चकाकतोय बघ कसा!" पण ऐकेल तर ना! निघायची शिट्टी फुंकून मोकळा. कुणीतरी फिदीफिदी हसलं. हिल्डेचे कान लाल झाले. तिनं मुकाट्यानं सायकल वळवली. असा राग आला मला, की वाटलं आत्ताच्या आत्ता याला सगळ्यांसमोर झाडावं.

टेकडीच्या उतारावर ओमेरचाच पुढचा टायर फाटकन फुटला. गडी सायकलसकट शेणात! आमच्याकडची जुनी माणसं टायर तळघरात मुरवायची, चीज मुरवतात तसे. पण ते हातानं शिवलेले टायर होते, मुरून चिवट व्हायचे. या शहाण्यानं कारखान्यातले टायरही वर्षानुवर्षं तसेच मुरवले. त्याच्या टायरची भोकं शाबूत, पण कडेनं सगळीकडे भेगाच भेगा.

जवळ राहणारी, गाडी असलेली एकटी हिल्डेच.

"कुणालाही बोलव, तिला नको," तो कोपर धरून विव्हळला.

मी तिलाच बोलावलं. आली बिचारी, सीटवर जुना टॉवेल अंथरला, त्याला बसवलं. मीही मागे बसले. वाटेत तो पुटपुटला, "तुझा टायर चांगला होता गं. चुकलं माझं." क्लबची मंडळी जमतात त्या कॅफेपाशी गाडी थांबली, आणि मग मात्र मला राहवेना.

"अपमान चारचौघांत करायचा आणि माफी गाडीत मागायची? आत जाऊन बोल!"

गेला. शेणानं माखलेला, लंगडत. सगळ्यांचे बिअरचे ग्लास टेबलावर तसेच राहिले. "हिल्डेचा टायर नवा होता," तो म्हणाला. "मला कळलं नाही. मी चुकलो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हिल्डे दारातच उभी होती. "टायर हे निमित्त होतं ना, ओमेर? मी चढावर धापा टाकेन, सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागेल, याची तुला लाज वाटत होती. खरं सांग."

वाटलं, आता हा उसळणार.

"हो," म्हणाला.

अख्ख्या कॅफेत कुणाला कुणाकडे बघवेना. माझीही मान खाली गेली. सख्ख्या बहिणीची लाज वाटणारा माणूस माझ्याच घरात जेवत होता. हिल्डे एवढंच म्हणाली, "कोपर धुऊन घे आधी," आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी ती चॅपेलच्या टेकडीवर चढली. शेजारच्या गावच्या क्लबबरोबर. धापा टाकत, चार वेळा थांबत. आणि ते सगळे, म्हणे, तिच्यासाठी थांबले.