मानेवरचा तडा

मी लासूर स्टेशनला मावसबहिणीच्या लग्नाला काय गेले, ऋतुराजनं इकडं यंत्र आंधळं करून ठेवलं. ऋतुराज म्हणजे आमचा मालक. चिकलठाण्यात पत्र्याची शेड आणि तोंडात मोठ्या बाता.

आमचं यंत्र उजेडानं हिशेब करतं. इंजेक्शनच्या बाटलीचं चित्र लाखो बारीक आरशांवरून भिंगात जातं आणि जाता-जाताच चांगल्या बाटलीशी ताडलं जातं. भिंगात थोडी खोट असतेच. चित्र कुठं जास्त उजळ, कुठं अंधूक. आरसे कमी-जास्त कलवून ती खोट काढायची, हे माझं काम. त्यासाठी आधी नुसत्या उजेडाचा फोटो घ्यायचा. समोर काहीही नको, धूळसुद्धा नको.

ऋतुराजनं तो फोटो घेताना समोर मानेपाशी तडा गेलेली बाटली ठेवली. औषध कंपनीचे पुंडलिकराव कुरकुरत होते, यंत्र फार माल बाद करतं म्हणून. त्यांचे तडे सगळे मानेपाशीच. आरशांनी तडा ही भिंगाची खोट धरली आणि इमानदारीनं पुसली. आता प्रत्येक फुटक्या मानेला हिरवा दिवा.

"चित्रातला दोषच काढायचा ना? काढला," ऋतुराज म्हणाला.

"भिंगाचा दोष काढायचा. बाटलीचा नाही."

"करुणा, साहेब पोचतायत. तमाशा नको."

यंत्र जोडणारे गयासभाई पुटपुटले, "लई बेकार काम झालं हे, बेटा." आणि पाना पुसत बसले. मला त्यांचाही राग आला. पुटपुटून काय होतं?

पुंडलिकराव आले, हिरवे दिवे बघून खूश झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाचणीसाठी पाणी भरून बूच घट्ट बसवलेली, नुकतीच पास झालेली एक बाटली मी उचलली आणि त्यांच्या तळहातावर उपडी धरली.

मानेच्या तड्यातून पाणी झिरपत मनगटावरून बाहीत शिरलं. ऋतुराजचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला उभं फाडणार. फाडायलाच पाहिजे होतं.

पुंडलिकरावांनी रुमालानं हात पुसला, हिरव्या दिव्याकडं पाहिलं.

"भारी जमवलंय की," ते म्हणाले. "आमच्या दुसऱ्या मशीनला पण असंच करून द्या."

"नाय," मी म्हणाले. "आणि याला पण नाय राहणार."

मी आरशांची माझी जुनी दुरुस्ती परत चढवली आणि तीच बाटली यंत्रात ठेवली. दिवा लाल झाला, आणि दोघंही एकदमच माझ्यावर ओरडायला लागले.