साठचा फ्यूज

दाजींना बेस कमी पडत होता. डिकीत बारा इंची दोन सबवूफर, भलामोठा ॲम्प्लिफायर, आणि आवाज मात्र तोंडात बोळा कोंबल्यासारखा.

"सख्खा मेहुणा गाड्यांना साउंड बसवतो आणि माझ्याच गाडीची ही गत. दिव्याखाली अंधार!" दाजी म्हणाले.

मला असली बोलणी खपत नाहीत. मी तिथल्या तिथे डिकी उघडली. दोष पाच मिनिटांत सापडला. आधीच्या कुणा शहाण्याने एका सबवूफरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एक हवा बाहेर ढकलायचा तेव्हा दुसरा आत ओढायचा, आणि दोघं मिळून बेसवर पाणी फिरवायचे. मी तारा सरळ केल्या, सबवूफरच्या खोक्याचं तोंड डिकीच्या दाराकडे फिरवलं, आणि मागची सीट उचलून बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत बोटाएवढी जाड तार नव्याने टाकली. सीट परत बसवताना एका बाजूला जरा अडली. गुडघा देऊन दाबल्यावर बसली.

सीट बसल्याबरोबर भाची तिच्यावर जाऊन बसली. सात वर्षांची आहे. तोंडाला क्षणाची उसंत नसते म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो.

"हिची बडबड मला पुढे ऐकू येता कामा नये, असा बेस पाहिजे," दाजी हसत म्हणाले.

"आली ऐकू तर मिशी उतरवीन," मी म्हणालो.

बॅटरीजवळ साठ अँपिअरचा फ्यूज होता. तारेत जास्त करंट गेला की स्वतः जळून तार वाचवायची, एवढंच त्याचं काम. आवाज वाढवला आणि तो उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसरा शेवटचा होता. माल हलका असणार असं म्हणून मी दुकानदाराला शिव्या घातल्या, तिसरा शर्टाच्या खिशात टाकला आणि मिनिटभर आवाज तपासायला फ्यूजच्या जागी तांब्याची पट्टी अडकवली. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. नंतर काढायची असते.

मग बेस लागला. नंबरप्लेट थडथडली, माझ्या दुकानातल्या फळीवरचे पाने नाचत खाली पडले. दाजींनी मला मिठीच मारली. ताईला कारखान्यातून आणायची वेळ झाली होती, म्हणून ते लेकीला घेऊन तसेच निघाले. मी फुशारकीत हात हलवत दारात उभा राहिलो.

चहा प्यायल्यावर रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला फ्यूज लागला.

आधी स्वतःचंच हसू आलं. मग ती अडलेली सीट आठवली. फ्यूज हलके नव्हते. सीटच्या लोखंडी पायाखाली तार चेमटून सोलली होती आणि आवाजाच्या हादऱ्याने लोखंडाला टेकत होती, म्हणून ते उडत होते. दोन फ्यूजांनी ओरडून सांगितलं आणि मी त्यांचं तोंड बंद केलं. आता त्या तारेवर पोर बसली होती.

दाजींना फोन लावला. वाजत राहिला. सात वेळा लावला. ऐकू येणार कसा? तशी सोय मीच करून दिली होती.

स्कूटर कशी काढली, आठवत नाही. "काही होऊ देऊ नकोस, काही होऊ देऊ नकोस," एवढंच पुटपुटत होतो, कुणाला ते ठाऊक नाही. दुसऱ्या सिग्नलच्या पुढे तो धडधडाट छातीला जाणवला. मग गाडी दिसली. मी हॉर्न दाबून धरला. दाजी आपले तालावर मान हलवत होते.

भाची मागच्या काचेतून माझ्याकडेच पाहत होती. तिचं तोंड उघडझाप करत होतं. गातेय असं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, ती दोन्ही पाय वर घेऊन सीटच्या पाठीला चिकटली होती आणि रडत होती.

मी पुढे जाऊन स्कूटर गाडीला आडवी घातली. ब्रेक करकचले.

"वेड लागलंय का तुला?" दाजी ओरडत उतरले.

मी मागचं दार उघडून आधी तिला बाहेर ओढलं. मग बॉनेट उघडून खिशातल्या दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची तार सोडवली. घाईत पाना दोनदा निसटला. एकदम शांत झालं. सीटखालून धुराची बारीक रेघ निघत होती. खालच्या गालिच्याला बशीएवढं काळं भोक पडलं होतं, आणि तिच्या एका सँडलचा तळ वितळला होता. पाय वाचला होता.

"मी ओरडत होते मामा," ती हुंदके देत म्हणाली. "पप्पा, भाजतंय, भाजतंय म्हणून. खूप वेळा ओरडले."

दाजी पांढरेफटक पडले. "मला ऐकूच आलं नाही रे," ते मला म्हणाले.

ते गाडीपाशी थांबले. मी भाचीला स्कूटरवर पुढे उभी करून कारखान्याकडे निघालो. एरवी ही दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचते, कुत्र्यांना हाका मारते. "बोल की गं काहीतरी," मी तीनदा म्हणालो. तिने नुसती मान हलवली.

ताई गेटवरच उभी होती. लेकीला उचलून घेत तिने हसत विचारलं, "काय गं रेडिओ, आज आवाज बंद?"

पोर तिच्या खांद्यात तोंड खुपसून राहिली. मी खिशातला फ्यूज काढला, ताईच्या हातावर ठेवला आणि सांगायला लागलो.