टाचेखालचा हात

डॅरिलने मोजा काढला आणि डॉक्टरने काही विचारायच्या आत स्वतःच घोट्यावर बोट ठेवून दाखवलं.

“इथे एक. आणि इथे, हाडाच्या मागे. हे दुसरं जरा तिरकं द्यावं लागतं.”

डॉ. वसुधा टिपणीसने अजून बॅगही उघडली नव्हती. अमेरिकेतल्या अर्विंग गावात एका शाळेच्या स्टेडियमखालची ती कपडे बदलायची खोली घाम, मलम आणि शिळ्या बिअरच्या वासाने कोंदली होती. दाराशी क्लबचा मॅनेजर क्लाइव्ह उभ्याउभ्या हॉटडॉग खात होता. बोटाला लागलेलं मस्टर्ड त्याने सावकाश चाटलं तेव्हा वसुधाने नजर दुसरीकडे वळवली.

हे झेंगट श्रीरंगने, तिच्या नवऱ्याने गळ्यात बांधलं होतं. त्याच्या रविवारच्या क्रिकेटमधला एक ऑस्ट्रेलियन मित्र म्हणाला, मेलबर्नचा, ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल खेळणारा क्लब सीझन संपवून दौऱ्यावर येतोय, एक प्रदर्शनीय सामना इथे आहे, डॉक्टर मिळेल का? “आमच्या घरातच आहे,” श्रीरंग म्हणाला. घरातली डॉक्टर भूल देणारी आहे, हाडांची नव्हे, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. क्लाइव्हला मात्र ते कळल्यावर भलताच आनंद झाला होता. श्रीरंग आता वर स्टँडमध्ये, सोळा वर्षांच्या लेकीला, दीपाला शेजारी बसवून, नवा कॅमेरा सरसावून बसला होता.

“किती वर्षं खेळतोयस?” तिने डॅरिलला विचारलं.

“अकरा. सगळी मैदानाच्या मधोमध.”

पुढे उभे राहणारे गोल करतात, मागचे अडवतात, त्यांना मधूनमधून दम खाता येतो, असं त्याने समजावून सांगितलं. मधल्याने चेंडू जाईल तिथे जायचं. दोन तास. दहा मैल तरी होत असतील. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मग तिची नजर त्याच्या डाव्या हाताच्या दोन वाकड्या बोटांकडे गेली आणि त्याने हात मांडीखाली घेतला. खांद्यावर टाक्यांचा लांब व्रण होता. वय फक्त एकोणतीस. मघाशी तो पायऱ्या उतरून या खोलीत आला तो कठडा धरून, अंग तिरकं करून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत आला होता.

“हे बधिर करायचं इंजेक्शन यंदा किती वेळा घेतलंस?”

“दर शनिवारी. जूनपासून.”

“डॉक्टर, मैत्रीचा सामना आहे हो,” क्लाइव्ह मध्येच म्हणाला. “पण नवा कोच वर बसलाय. हा आज पळाला तर पुढच्या वर्षी संघात आहे, नाही तर नाही. आता याच्यात फार दम उरलेला नाही, तुम्हालाही दिसतंय.”

माणूस समोर बसलेला असताना हा त्याच्याबद्दल, विकायला काढलेल्या स्कूटरबद्दल बोलावं तसा बोलत होता. वसुधाला त्याची शिसारी आली.

“आणि कुणाची जबरदस्ती नाही,” क्लाइव्हने कागदी रुमालाने तोंड पुसलं. “त्याचीच इच्छा आहे.”

तिने डॅरिलचा पाय उचलून घेतला, घोटा दाबून, फिरवून पाहिला. तो सैल झाला होता, नको तितका वळत होता, आणि डॅरिल ओठ मिटून छताकडे बघत होता.

“मी हे देणार नाही,” ती म्हणाली. “दुखतंय म्हणून तू थांबतोस, म्हणून हा पाय अजून पाय आहे. ते दुखणंही मी बंद करू? मी कसाई नाही.”

क्लाइव्ह काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. डॅरिल चिडला नाही. त्याने मोजा उचलला आणि नुसता हातात धरून ठेवला.

“मग झालंच,” तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, “पण तुम्ही हे आधी केलंय.”

“काय?”

“नवे डॉक्टर घोटा वरून पकडतात. तुम्ही आधी टाचेखाली हात घातलात आणि अंगठा बरोबर हाडामागे टेकवलात. हे ज्याने दिलंय त्यालाच माहीत असतं.”

वसुधाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग बॅग उचलली.

मे महिन्यात दीपाचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम होतं. वर्षभर आधी हॉल घेतलेला, तीनशे आमंत्रणं गेलेली, सासूबाई पुण्याहून आलेल्या. दहा दिवस आधी दीपाचा पाय मुरगळला. सूज उतरली, दुखणं उतरलं नाही. कॅन्सल करू या का, असं श्रीरंगने दबकत विचारलं तेव्हा वसुधाच म्हणाली होती, “अरे, तिलाच करायचंय.” आणि ग्रीनरूममध्ये, घुंगरू बांधायच्या आधी, तिने लेकीची टाच तळहातावर घेऊन हाडामागे सुई टोचली होती. दीपा अडीच तास नाचली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांत जोरात वसुधाच वाजवत होती. त्यानंतर घुंगरू कपाटातून बाहेर निघाले नाहीत. शाळेचा अभ्यास वाढलाय, असं वसुधा सगळ्यांना सांगत आली होती.

परक्या माणसाला नाही म्हणणं किती सोपं गेलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस वाटली.

ती बाहेर आली तेव्हा सामना सुरू होत होता. डॅरिल बाकावर बसला होता. अंगावर क्लबची जर्सी होती, पायात साध्या चपला. चार जागा सोडून कोच मैदानाकडे बघत होता. त्याने एकदाही मान वळवली नाही.

“अगं, इकडे!” वरून श्रीरंगने हात केला. “काय झालं? मॅच मिस करशील.”

“मला घरी जायचंय. तू थांब हवं तर, मी ड्राइव्ह करते.”

“मी पण येते,” दीपा म्हणाली आणि उठली.

स्टँडच्या पायऱ्या लोखंडी होत्या. दीपाने कठडा धरला, अंग तिरकं केलं, एक पाय खाली ठेवला, दुसरा त्याच पायरीवर आणला. मग पुढची पायरी. मेपासून ती घरातला जिनाही असाच उतरत होती. नीट सरळ चालावं, असं वसुधा तिला दोनदा म्हणालीही होती.

शेवटच्या पायरीवर वसुधाने तिला थांबवलं. बॅग खाली ठेवून ती लोकांच्या पायांशी, सांडलेल्या कोकवर तशीच उकिडवी बसली.

“आई, पीपल आर लुकिंग.”

“बघू देत. कुठे दुखतं ते दाखव मला.”

दीपा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बूट काढला आणि पाय पुढे केला. बोट मात्र कुठेच ठेवलं नाही.

“यू नो व्हेअर, आई,” ती म्हणाली.