शेपटीवाली क्रियापदं

माझ्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच महिन्यात संप पुकारला. एकतीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो आणि छतावरच्या मशीनपर्यंत चढलो. डॉक्टर म्हणाले, यापुढे शिडी बंद. शिडी बंद झालेल्या लिफ्ट मेकॅनिकला कोण विचारतो? निवृत्तीला अजून सहा वर्षं होती आणि घरी बसून भिंती मोजायचा माझा स्वभाव नाही.

कंपनीत एकच खुर्ची रिकामी होती, ती फोनची. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं लाल बटण दाबतो, तेव्हा फोन त्या टेबलावर वाजतो. मला वाटलं, हे काम माझ्याइतकं कोणाला जमणार? पण आमच्याकडच्या निम्म्या इमारतींतली माणसं इंग्रजीतच घाबरतात म्हणे. त्यामुळे तोंडी परीक्षा. पास झालो तर खुर्ची, नापास झालो तर हारतुरे आणि घर. मुदत दोन महिन्यांची होती.

सूनबाई एका दातांच्या दवाखान्यात फोन घेते. दिवसभर इंग्रजी बोलून पुन्हा घरी येऊन मराठीत भांडू शकते, म्हणजे हुशारच. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्हाला फक्त फ्रेझल व्हर्ब येत नाहीत."

फ्रेझल व्हर्ब म्हणजे शेपटीवाली क्रियापदं. मूळ शब्द गरीब गाईसारखा असतो. त्याला मागून अप, डाउन, ऑफ, आउट असं काही चिकटवलं की तो लाथ मारतो.

माझं पहिलं भांडण अप आणि डाउनशी झालं. माझा सगळा धंदाच वर आणि खाली. यात चूक झाली तर माणूस जिवाला मुकतो. त्यामुळे माझा हिशोब सरळ होता: लिफ्ट खालच्या मजल्यावर बंद पडली तर ब्रेक डाउन, वरच्या मजल्यावर पडली तर ब्रेक अप.

"बाबा, ब्रेक अप प्रेमात होतं."

"बाराव्या मजल्यावरसुद्धा?"

"कुठल्याही मजल्यावर."

मग तिने शिकवलं की फॉर्म फिल इन केला काय आणि फिल आउट केला काय, एकच. म्हणजे आत भरा नाही तर बाहेर भरा. 'हँग ऑन' म्हणजे जरा थांबा. आता तुम्हीच सांगा, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या माणसाला 'लटकून राहा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणे. लटकवायचं वर, ठेवायचं खाली.

"ही काय भाषा आहे?" मी वही आपटली. "शब्दाला काही इमान असावं की नाही?"

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि आपलं लागणं? भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते. नोकरी लागते, नाद लागतो, दार लागतं. मूल बोलायला लागतं. आणि पलीकडच्या घरातले काका तुमचे कोण लागतात?"

"कोणी लागत नाहीत."

"तेच. परक्या माणसाने हे कसं शिकायचं?"

मी आपटलेली वही उचलली. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी भेटलं तुम्हाला." तिला असा आनंद क्वचितच मिळतो. त्या दिवसापासून मात्र मी कुरकूर न करता पाठांतराला लागलो. एकशे चाळीस शेपट्या पाठ केल्या. सूनबाई रोज कामावरून दमून यायची, चपला काढायची आणि माझी वही उघडायची. माझ्या मास्तरांनीही माझ्यासाठी इतकं केलं नव्हतं. नापास झालो तर खुर्ची जाईल याची धास्ती होतीच, पण तिला काय तोंड दाखवायचं, याची जास्त होती.

परीक्षा घ्यायला वरच्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी अडकलेली बाई. करा सुरू." आणि इंग्रजीत असा काही टाहो फोडला की माझ्या एकशे चाळीस शेपट्या एका झटक्यात गळून पडल्या. मला म्हणायचं होतं, घाबरू नका, तुम्हाला सावकाश खाली उतरवतो. मी ठासून म्हणालो, "डोन्ट वरी मॅडम. आय विल लेट यू डाउन. व्हेरी स्लोली."

मॅडमचे खांदे हलू लागले. "तुम्ही आत्ता मला सांगितलंत," त्या मराठीत म्हणाल्या, "की तुम्ही माझा विश्वासघात करणार आहात. सावकाश."

माझं डोकं फिरलं. खुर्ची तर गेलीच होती, मग भीड कोणाची धरायची? मी मराठीत सुरू झालो. "बाई, आधी खाली बसा, भिंतीला टेकून. हवा संपत नाही, फटी ठेवलेल्या असतात. तुमची लिफ्ट सहा दोरांवर आहे, एकटा दोरसुद्धा तिला धरून ठेवेल. वर ठकठक ऐकू येईल, ती आमच्या माणसाची. तो पोचेपर्यंत मी फोन ठेवत नाही. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

त्या वळल्या. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"हेच इंग्रजीत सांगा," त्या हळूच म्हणाल्या.

"सिट डाउन, मॅडम," मी म्हणालो. "आय नो दिस लिफ्ट. मॅन इज कमिंग. आय विल नॉट हँग अप."

मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या.

"मी एकदा अडकले होते," मग त्या म्हणाल्या. "पन्नास मिनिटं. फोनवरच्या माणसाचं इंग्रजी काय सुंदर होतं. दर पाच मिनिटांनी सांगायचा, वी आर लुकिंग इन्टू इट, मॅम."

"मग?"

"मग काय? आत कोणी डोकावलंच नाही. शेवटी सफाईवाल्या मावशींनी माझ्या हाका ऐकल्या."

त्यांनी माझा कागद पुढे ओढला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. "सोमवारपासून या खुर्चीत बसा."

मला उठून नमस्कार करायचा होता, पण उठताच येईना. गुडघा अडकला होता. मॅडमना वाटलं मला गहिवरून आलंय, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दोन्ही खरं होतं. मी पाणी प्यालो आणि आधी सूनबाईला फोन लावला.