वगळलेल्या दोनशे चौदा ओळी

आमच्या चळवळीत नुसतं 'वाटतं' म्हणून सुटका नसते. किती टक्के वाटतं, तेही सांगावं लागतं. पगाराचा दहावा हिस्सा दान करायचा, तोही जिथे जास्तीत जास्त जीव वाचतील तिथेच, आणि त्याचा पुरावा मागायचा, असे आम्ही लोक. तरी आमचा सर्वांत मोठा देणगीदार लोकांच्या ठेवी लुबाडून तुरुंगात गेला, तेव्हा आमच्यातल्या एकाही शहाण्याला आधी वास आला नव्हता.

दरवर्षी सभासदांचा सर्व्हे घेणं हे माझं काम. घोटाळ्यानंतर चळवळीवरचा विश्वास दहापैकी सात पूर्णांक दोनवरून साडेपाचवर घसरला होता. वर्षभराने मोजला, तर सात पूर्णांक एक. बायकांचा तर पुरुषांहून जास्त सावरलेला. 'जखम भरली आहे,' असं मी अहवालात ठोकून दिलं आणि ऑफिसात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शुक्रवारच्या अधिवेशनात आमचा प्रमुख टॉर्स्टेन तो आकडा जाहीर करणार होता.

सोमवारी काउली रोडवर भाजी घेताना नेरिस भेटली. कॉलेजात मीच तिला चळवळीत ओढलं होतं. घोटाळ्यानंतर ती बाहेर पडली, आणि मी तिला फोन करायचं टाळत राहिले.

"काय गं हेस्टर, ओळख आहे ना अजून?" ती म्हणाली. मग हळूच, "तुझा सर्व्हे भरला मी. नाव टाकायची सोय नव्हती, पण वाचून ओळखलं असशील."

"ओळखलं ना, लगेच," मी म्हटलं. साफ थाप.

तशीच ऑफिसात जाऊन शोधायला बसले. माझ्या तक्त्यात ती कुठेच नव्हती. मूळ फाइलमध्ये सापडली. पहिल्या वर्षी काही टवाळांनी गंमत म्हणून फॉर्म भरले होते, म्हणून मी एक चाळणी लावली होती: 'तुम्ही चळवळीत आहात का?' याला 'नाही' म्हणणाऱ्याची ओळ आपोआप बाद. यंदा जुन्या यादीमुळे सोडून गेलेल्यांनाही फॉर्म गेला, त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं, आणि तेही टवाळांबरोबर बाद झाले. दोनशे चौदा ओळी, बहुतेक बायकांच्या. त्या धरल्या तर विश्वास चार पूर्णांक नऊ. जखम कसली भरतेय, जखमी लोकच मी मोजले नव्हते!

नेरिसची ओळ अशी होती: 'चळवळीत कोणी आणलं? हेस्टरने. तुम्ही मैत्रिणीला आणाल का? दहापैकी शून्य. कारण? माझ्या बहिणीने त्या माणसाकडे सगळी बचत ठेवली, कारण तो तुमच्या व्यासपीठावर होता. नंतर तुमच्यापैकी एकाचाही फोन आला नाही.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टॉर्स्टेनने सगळं शांतपणे ऐकलं. "सर्व्हे सभासदांचा. हे सभासद नाहीत. नियम कुणाचा?"

"माझाच. पण आकडा फसवा आहे."

"किती टक्के खात्री?"

"शंभर."

तो हसला. "अगं, शंभर आपल्यात कुणी म्हणतं का?"

आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, पुटपुटले, "पंच्याण्णव."

"बघ, तुलाही शंका आहेच. शुक्रवारी नवी पोरं येणार आहेत, खचतील बिचारी. परिशिष्टात एक ओळ टाक."

मी टाकली. पान एक्केचाळीस.

शुक्रवारी सात पूर्णांक एक जाहीर झाला. सभागृह उठून उभं राहिलं. तिथून मी थेट नेरिसच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: थाप, चाळणी, परिशिष्ट.

ती म्हणाली, "बहीण म्हणत होती, कशाला भरतेस तो सर्व्हे, सुटलीस ना त्यातून? मी म्हटलं, बाकी कुणी नाही वाचलं तरी हेस्टर एकेक ओळ वाचते."

मला वर बघवेना.

"एकच सांग," ती म्हणाली. "आकडा सांगितला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास?"

"वाजवल्या," मी म्हटलं.