गार्ड कुणी काढलं

रणवज्र नावाचा एक वीर दर महिन्याला मासिकातून उडत यायचा. खांद्यावर उपरणं, छातीवर वज्राची खूण, कमरेला रुंद पट्टा. पिंपरीच्या स्टँडवर दोरीला लटकवलेल्या मासिकांत तो आधी दिसायचा. आमच्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकायच्या खात्यात, एक अंक विकत घेतला जाई आणि वीस जण तो बघत. माझ्या शेजारच्या मशीनवरचा जयसिंग म्हणायचा, "हा कंपनीत आला तर गेटवरच अडवतील. पंचिंगचं कार्ड कुठं ठेवणार? खिसाच न्हाई."

लोक रणवज्राकडं बघायचे. मी त्याच्या मागं बघायचो. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण मशीनचं ड्रॉइंग मला लगेच कळायचं, म्हणून या चित्रांतलं कामही कळायचं. रणवज्र पुलावरून गेला तर पुलाचे रिव्हेट मोजता येत. बिडाच्या ओतीव लोखंडाला बारीक ठिपके असत, पत्र्याला लांब सरळ रेघा. घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडावर कागद कोराच सोडलेला असे, आणि तिथंच उजेड पडल्यासारखा वाटे. बोल्ट काढला तर त्याचे आटे दिसत, आणि तेसुद्धा बरोबर बाजूला फिरलेले. हे सगळं शरच्चंद्र टिपणीस नावाचा एक माणूस वीस वर्षं टाकानं काढत होता. सबंध अंकातलं मला एवढं एकच नाव माहीत होतं, तेही जयसिंगनं वाचून दाखवलेलं.

पंचाहत्तर सालच्या मार्चमध्ये कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. रणवज्राचं एक मोठं पोस्टर करायचं ठरलं आणि टिपणीस साहेब स्वतः तीन दिवस आमच्या शॉपमध्ये आले. साठीचे होते. चष्म्याला दोरी, पँटीला पहिल्याच दिवशी ऑइलचे डाग. त्यांना खुर्ची दिली होती, पण ती उंच पडते म्हणून भंगाराची एक रिकामी पेटी पालथी घालून ते माझ्या मशीनसमोर बसले.

माझं मशीन सात नंबरचं. पत्र्याचा तुकडा डायच्या साच्यात ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका बसला की तयार भाग बाहेर घ्यायचा. शिफ्टला तीन हजार ठोके.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "भीमराज, ही चार भोकं कशाची?"

"गार्डच्या बोल्टची."

"मग गार्ड कुठाय?"

मी मानेनंच भिंतीकडं दाखवलं. लोखंडी जाळी तिथं टेकवून ठेवली होती. तिच्यावर जयसिंगचा टॉवेल वाळत होता.

"कुणी काढलं?"

"दिवाळीच्या आधीच निघालंय. गार्ड असलं की हात आत जायला वेळ लागतो. आकडा निघत नव्हता."

"आणि हाताचं काय?"

"हात आपलाच आहे, साहेब. आपण सांभाळायचा."

पलीकडून जयसिंग म्हणाला, "तुमच्या रणवज्राला सांगा की बसवून द्यायला. तो काय सुपरवायझरला भिणार न्हाई."

टिपणीस हसले आणि भोकं कागदावर काढायला लागले. तीन भोकं रिकामी होती, चौथ्यात बोल्ट तुटून अडकला होता. ते उठले, वाकून जवळून बघून आले, आणि तो तुटका बोल्टही काढला. मी काम करता करता बघत होतो. त्या मशीनवर मी सहा वर्षं होतो, पण बोल्टचं तुटलेलं तोंड तिरकं आहे हे मला त्यांच्या कागदावर कळलं.

संध्याकाळी सुपरवायझर मालोजीराव कागद बघायला आले.

"फस्क्लास. फक्त पोस्टरवर गार्ड दाखवा हं, साहेब. ते भिंतीचं उचलून मशीनवर बसवा."

"पण ते बसवलेलं नाही ना."

"चित्रात बसवायला काय पाना लागतो का?"

पोस्टर झालं. रणवज्र एका हातानं मशीनकडं बोट दाखवतोय, आणि मशीनवर जाळी, चारही बोल्ट घट्ट. ते कँटीनच्या दाराशी लागलं. तीन दिवसांचे सगळे कागद कंपनीनं पोस्टरबरोबर ठेवून घेतले.

एप्रिलचा अंक आला तेव्हा मात्र शॉपमध्ये गर्दी उडाली, कारण रणवज्र या वेळी आमच्याच शॉपमधून उडत होता. टिपणिसांनी डोळ्यांत साठवलेलं पानावर उतरवलं होतं. जयसिंगला पानावर स्वतःचा कान सापडला. मला माझी तेलाची बुधली सापडली, चोच वाकलेली. सात नंबरवर तीन भोकं आणि एक तुटका बोल्ट होता, मागं भिंतीला जाळी, जाळीवर टॉवेल. गार्डबद्दल कुणी काही बोललं नाही. ते तसंच असायचं.

जुलैमध्ये सात नंबरनं पेडल न दाबता दुसरा ठोका दिला. माझा उजवा हात आत होता. चार बोटं गेली, अंगठा राहिला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कंपनीचा कारकून आला. मला ग्लानी होती. त्यानं विचारलं, "गार्ड काढलेलं होतं ना?" मी म्हटलं, "हो, काढलेलं होतं." त्यानं लिहिलं, माझा डावा हात धरला, शाई लावली आणि अंगठा उठवला. माझी बायको सोजरबाई शेजारीच होती. तिलाही अक्षर येत नव्हतं. कारकून गेल्यावर ती म्हणाली, "मानूस बरा हाय, तुमच्याकडचं समदं लिवून घेतलं."

महिन्याभरानं घरी कागद आला. तेव्हा आम्ही पिंपळे गुरवमध्ये एका खोलीत भाड्यानं राहत होतो. घरमालकाच्या मुलीनं तो वाचून दाखवला. 'गार्ड मी काढलं' असं मी कबूल केलं आहे, त्या दिवशी मी ते स्वतःच्या मर्जीनं, आकडा वाढवण्यासाठी काढलं, अपघात माझ्या निष्काळजीपणानं झाला, आणि कामावरून का काढू नये ते चौकशीत सांगावं. मुलीनं दोनदा वाचलं. मी 'काढलेलं होतं' म्हटलं होतं. कारकुनानं 'काढलं' लिहिलं होतं.

मला बोटांपेक्षा हे लागलं. बोटं मशीननं नेली. पण माझा हात मीच घालवला असं माझ्या अंगठ्यानं लिहिलं गेलं होतं, आणि ते पुसलं नाही तर मी कुठल्याच गेटवर उभा राहू शकणार नव्हतो.

मी एप्रिलचा अंक शोधला; जाळी तेव्हापासूनच भिंतीला होती हे त्यात दिसत होतं. चौकशी सप्टेंबरात होती. त्याआधी एक दिवस बस पकडून निगडीला टिपणीस साहेबांच्या घरी गेलो. प्राधिकरणातलं लहान घर, पुढच्या खोलीत उंच टेबल. माझा हात बघून ते खाली बसले.

"मी येतो," म्हणाले. "मी सांगतो त्यांना काय पाहिलं ते."

चौकशी करायला कंपनीनं बाहेरचे वकील नेमले होते, त्यांना सगळे नानासाहेब म्हणत. स्वभावानं गोड माणूस. एक कारकून सगळं लिहून घेत होता. आधी जयसिंगला बोलावलं.

"गार्ड त्या दिवशी होतं का?"

"मी माझ्या मशीनकडं बघत होतो, साहेब."

मला विचारायची परवानगी होती. मी अंकाचं पान पुढं केलं. "जयसिंग, ह्या जाळीवरचा टॉवेल कुणाचा?"

त्यानं बराच वेळ पान बघितलं. "टॉवेल काय, सगळ्यांचे सारखेच असतात."

मग टिपणीस आत आले. नानासाहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली, पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळ नेलं.

"काय बारीक काम आहे हो. हे आटेसुद्धा दिसतात. आमच्या घरी सगळे तुमचे वाचक आहेत. बरं, हा वरती कोण?"

"रणवज्र."

"उडतोय."

"हो."

"त्याला तुम्ही उडताना पाहिलंत?"

"नाही."

"म्हणजे तो कल्पनेतला, आणि त्याच्या पायाखालचं मशीन तेवढं डोळ्यांनी पाहिलेलं?"

"उडणारा माणूस मनानं काढता येतो," टिपणीस म्हणाले. "मशीन बघावं लागतं. मनानं काढलं तर या लोकांना लगेच कळतं. हसतात ते मला."

"मान्य." नानासाहेबांनी टेबलाखालून गुंडाळी काढून उलगडली. कँटीनचं पोस्टर. "हेही तुमचंच?"

"माझंच."

"हेच मशीन?"

"हेच."

"मग यात गार्ड कुणी काढलं?"

"मी काढलं."

नानासाहेब हसले. कारकुनाकडं वळून म्हणाले, "लिहा. गार्ड यांनी काढलं. मग भीमराजला कशाला धरलंय?" खोलीतले सगळे हसले. मालोजीराव हसले, कारकून हसला, दाराशी उभा असलेला जयसिंगही हसला. मला सवयीनं हसू आलं आणि मग कळलं, कशावर हसलो ते.

टिपणीस म्हणाले, "मला तसं काढायला सांगितलं होतं."

"म्हणजे कुणी सांगितलं की नसलेलं तुम्ही काढता."

ते गप्प बसले.

"मग या पानावर असलेलं गाळायला कुणी सांगितलं नसेल कशावरून? तुम्हाला दोष देत नाही मी. कलावंत आहात. इतकं हुबेहूब काढता की खरं कुठलं ते आम्ही कसं ठरवायचं?" त्यांनी अंक मिटून माझ्याकडं सरकवला. "अंगठ्याचं मात्र तसं नाही. अंगठा कुणी मनानं काढत नाही."

बाहेर जयसिंग सायकलशी थांबला होता.

"भावा," तो म्हणाला, "माझे दोन्ही हात आहेत अजून. त्यावरच चाललंय सगळं."

"माहीत आहे."

"राग धरू नको."

"नाही धरत." खरंच धरला नव्हता. त्याच्या जागी मी काय बोललो असतो ते मला माहीत होतं.

दिवाळीआधी कामावरून काढल्याचं पत्र आलं. लेबर कोर्टात केस घातली. वकील म्हणाला, मासिकाचं पान लहान आहे, छपाई पुसट आहे, कोर्टाला काही दिसणार नाही, मोठं स्पष्ट चित्र हवं. मी टिपणिसांना निरोप धाडला. ते स्वतः पिंपळे गुरवला आले, काखेत बोर्ड आणि कागदाची गुंडाळी. आमच्या खोलीत टेबल नव्हतं. ते खाली बसून पाटावर बोर्ड टेकवून काढायला लागले.

तीन रविवार आले. त्यांचे कागद कंपनीत अडकले होते, म्हणून ते अंकाचं पान समोर ठेवत आणि बाकीचं मला विचारत. पेडलची स्प्रिंग कुठल्या बाजूला. डायची उंची किती. मी डाव्या हातानं हवेत दाखवायचो आणि ते रेघ ओढायचे. एकदा त्यांनी ठोका अडवणारी क्लचची खीळ उलटी काढली. मी म्हटलं, तशी असती तर दुसरा ठोका पडला नसता. त्यांनी ब्लेडनं कागद खरवडला, नखानं घोटला आणि पुन्हा काढली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. बीड हाताला गार लागेल असं वाटत होतं. पानावरचं सगळं त्यात होतं, फक्त रणवज्र नव्हता.

तिसऱ्या रविवारी पुरं झालं. सोजरबाई चहा ठेवून जवळ आली आणि उभ्यानं बघत राहिली. तिनं मशीन कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यानंच नेली व्हय बोटं?"

"ह्यानंच."

"केवढं थोरलं हाय." ती खाली बसली. चित्रात डायच्या मधे जी फट होती तिथं तिनं स्वतःची बोटं नेली आणि कागदाला न लावता धरली. मग म्हणाली, "हात घालताना भ्या न्हाई वाटलं तुमास्नी?"

"पहिल्या दिवशी वाटलं."

टिपणिसांनी कोपऱ्यात सही केली आणि टाक पुन्हा दौतीत बुडवला. तारीख घालायची होती.

"मागली घाला की," सोजरबाई म्हणाली. "मार्चची. तवाच बघितलंय न्हवं तुमी?"

टाक कागदावर धरून ते माझ्याकडं बघत राहिले. मी घाला म्हटलं असतं तर त्यांनी घातली असती, आधी गार्ड काढलं तशीच. मी काहीच म्हटलं नाही. नानासाहेबांसमोर ते कसे गप्प बसले ते मला दिसत होतं. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला, त्यांनी तो टिपून घेतला आणि त्या दिवशीची तारीख घातली.

वकिलानं चित्र उलगडलं, वाहवा म्हणाला, कोपरा बघितला आणि गुंडाळून परत दिलं. "अपघातानंतरचं आहे हो. हे दाखवलं तर पानावरचंही खोटं पाडतील."

केस सहा वर्षं चालली. मधे टिपणीस वारले. शेवटच्या वर्षी ते रणवज्राच्या मागं काहीच काढत नसत, नुसतं आभाळ असे. त्याच काळात मी विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन डाव्या हातानं अक्षरं गिरवली. रात्री एका गोदामावर राखणदारी करत होतो, तिथं उजेड चांगला होता.

एक्याऐंशी साली निकाल लागला. नक्कल हातात आली तेव्हा मी ती कुणाकडं नेली नाही. उंबऱ्यात बसून बोट फिरवत वाचायला दोन तास लागले. तिसऱ्या पानावर होतं, की अर्जदारानं अंगठा आपला असल्याचं नाकारलेलं नाही, सबब गार्ड अर्जदारानेच काढले हे सिद्ध होते.

"काय लिवलंय?" सोजरबाईनं आतून विचारलं.

"तेच."

ती बाहेर आली, कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मंग एवढं शिकलात कशाला?" म्हणाली, आणि पोळपाट घेऊन आत बसली.