गोपाळरावांच्या खाटेवरचा कॅरम बोर्ड

मित्रांनो, माझ्या चारही जाळ्या फाटल्या आहेत आणि एका कडेला शाईचा मोठा डाग पडला आहे. तरीही मला टेबल समजू नका. मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. एकेकाळी मला बघायला अख्खं ऑफिस गोळा व्हायचं. आता माझ्यावर कागदांचे गठ्ठे असतात. हे कसं झालं ते सांगतो. ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म नागपूरच्या लकडगंजातला. साल पंचाहत्तर-शहात्तर असेल. शालिकराम नावाच्या सुताराने माझी चौकट सागवानाची केली आणि पाठ घासून घासून अशी गुळगुळीत केली, की माशी बसली तर घसरावी. काम संपल्यावर त्याने माझ्यावर एक स्ट्रायकर मारला. स्ट्रायकर चारही कडांना शिवून त्याच्याच हाताशी परत आला. शालिकराम खूश झाला. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जाय बाप्पा, चांगल्या घरी पडजो."

पण घर काही माझ्या नशिबात नव्हतं. मला विकत घेतलं एका ऑफिसने.

धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात हे ऑफिस होतं. तिथे गणकयंत्र होतं, म्हणजे ज्याला तुम्ही कॉम्प्युटर म्हणता ते. अख्खी खोली व्यापणारं, सदा घरघरणारं ते धूड होतं. निरनिराळ्या कारखान्यांचे आणि बाजारांचे आकडे तिथे यायचे. आधी ते आकडे चौकटींच्या मोठ्या कागदांवर पेन्सिलीने भरायचे, एका चौकटीत एकच आकडा. त्या कागदांना सगळे शीट म्हणत. मग शीट बघून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं यंत्राला भरवायची. यंत्राला गरम सोसायचं नाही, म्हणून त्याच्या खोलीत एअर कंडिशनर होता. माणसांना नागपूरचा मे महिना सोसायचा, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सुमतीबाई शीट भरायच्या. वय तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, आई गेलेली. जुनी शुक्रवारी या मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे वडील गोपाळराव, एवढंच घर. गोपाळराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. बोलणंही जड झालं, ते फक्त मुलीलाच कळायचं. सकाळी सुमतीबाई त्यांच्या डाव्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायच्या, दाराला बाहेरून कुलूप लावायच्या आणि ऑफिसला यायच्या. दुपारी शेजारच्या अंजनाबाई कुलूप काढून त्यांना जेवू घालायच्या.

मी येण्याआधीचं हे, नंतर कानावर आलेलं. एक दिवस सुमतीबाई मधुसूदन साहेबांकडे गेल्या. ऑफिसचे मुख्य तेच. "साहेब, शीट भरायला पेन्सिल आणि कागद, एवढंच लागतं. यंत्राला मी हातही लावत नाही. मला हे काम घरी बसून करू द्याल का? बाबा दिवसभर एकटे असतात."

साहेब माणूस वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असते तर त्यांच्यावर रागावणं मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "सुमतीबाई, लोकांचे आकडे आपण बाहेर कसे जाऊ देणार? आणि घरी तुम्हाला काय मिळणार आहे? इथे मी सगळी सोय करतो."

आणि खरोखरच त्यांनी केली. आठवड्याभरात माणसांच्या खोलीतही वाळ्याचा कूलर आला. पुढच्या उन्हाळ्यात सुमतीबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा दुपारचा चहा फुकट झाला आणि शनिवारी तर्री-पोहे सुरू झाले. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी आलो! माझ्या डोक्यावर पिवळा दिवा लटकला, डबीभर पावडर आली, आणि साहेबांनी हात पसरून सगळ्यांना सांगितलं, "हे ऑफिस म्हणू नका. हे तुमचं घरच समजा."

मी तेव्हा तोऱ्यात होतो. मला वाटलं, मी म्हणजे केवढं मोठं सुख. सुमतीबाईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या फाटकात सायकलरिक्षा थांबली. सुमतीबाईंनी आणि रुपराव शिपायाने मिळून एका म्हाताऱ्या माणसाला उतरवलं, आत आणलं आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसवलं. सगळे बघतच राहिले. साहेब बाहेर आले तेव्हा सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, "घर समजा म्हणालात ना साहेब? मग बाबांना आणलं."

साहेबांना हसूच आलं. हसता हसता त्यांनी परवानगी देऊन टाकली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणाल तर तेच. गोपाळरावांचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. डाव्या हाताने ते स्ट्रायकर रेषेवर ठेवायचे, पण त्या हाताला सवय नव्हती. पहिले काही दिवस गोटी एकीकडे जायची आणि स्ट्रायकर दुसरीकडे. मग हळूहळू डावा अंगठा शहाणा झाला. जेवणाच्या सुट्टीत बापलेक समोरासमोर बसायचे. गोपाळरावांनीच सुमतीबाईंना खेळ शिकवला. एकदा साहेब खेळायला बसले, तर गोपाळराव काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

सुमतीबाई संकोचल्या. "बाबा म्हणतात, तुमचा हात रेषेच्या पुढे गेला. गोटी परत ठेवा."

सगळी खोली हसली. कार्डांना भोकं पाडणारी प्रेमलता तर डोळे पुसत म्हणाली, "सुमे, तुझे बाबा ऑफिसात आले नाहीत वं, इन्स्पेक्शनला आले आहेत!" साहेबांनी निमूटपणे गोटी परत ठेवली. सुमतीबाई शीट भरताना दारातून अधूनमधून बाकाकडे बघायच्या. त्या दिवसांत त्यांच्या शीटमध्ये चुका जवळजवळ नसायच्याच.

असा एक हिवाळा गेला. मग मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं, आणि मधुसूदन साहेबांनी सुमतीबाईंना बोलावलं. "बाहेरचं माणूस इथे दिसलं तर मला उत्तर देता येणार नाही. तेवढे दिवस त्यांना घरी ठेवा." तेवढे दिवस म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही, सुमतीबाईंनी विचारलं नाही. बाक रिकामा झाला आणि रिकामाच राहिला. पुन्हा तेच कुलूप, तोच तांब्या.

मे महिन्यात अंजनाबाई भाचीच्या लग्नासाठी पारशिवनीला गेल्या. सुमतीबाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, आठ दिवस तरी घरी काम द्या. नाहीतर बिनपगारी सुट्टी द्या." साहेब म्हणाले, "काम साचलंय आणि मुंबईचे लोक येताहेत. आत्ता कुणालाच सुट्टी नाही." मग सुमतीबाईंनी आपली सोय आपण लावली. जेवणाची सुट्टी झाली, की त्या रिक्षाने घरी जायच्या, वडिलांना चार घास भरवायच्या, तांब्या भरायच्या, ओल्या पंचाने त्यांचं अंग पुसायच्या आणि परत यायच्या. स्वतः कधी जेवायच्या, मला माहीत नाही.

मुंबईचे पाहुणे आले. ऑफिसात माणसं किती आनंदात आहेत हे त्यांना दाखवायचं, म्हणून साहेबांनी कॅरमची स्पर्धा लावली. साहेब आणि सुमतीबाई अशी जोडी केली, कारण सुमतीबाईंइतकं चांगलं तिथे कुणी खेळत नव्हतं. शेवटचा सामना ठेवला जेवणाच्या सुट्टीत.

सुमतीबाई उभ्याच होत्या. "साहेब, माझ्याऐवजी प्रेमलता खेळेल. बाबा घरी एकटे आहेत. पाणी संपलं असेल."

"अहो, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," साहेब हळूच म्हणाले. "पाहुणे बसले आहेत. बसा, कूलरची हवा घ्या. बाहेर किती ऊन आहे बघा."

बाहेर किती ऊन आहे, याचाच तर त्या विचार करत होत्या!

त्या बसल्या. तीन डावांपैकी दोन जिंकेल ती जोडी विजयी. पहिल्याच फटक्याला मला कळलं, की त्या हरायला खेळत आहेत. गोटी जाळीच्या तोंडाशी असायची आणि त्यांचा स्ट्रायकर तिला न शिवता जायचा. बघणाऱ्यांना वाटलं, पाहुण्यांसमोर बाई घाबरल्या. पण अंगठ्याचं मन मला कळतं. दोन डाव सरळ हरायचे आणि रिक्षा गाठायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पहिला डाव त्या हरल्या.

दुसऱ्या डावात साहेब पेटले. एकटेच खेळले, राणीही घेतली, डाव जिंकला. टाळ्या झाल्या. आता तिसरा डाव खेळणं भाग होतं. सुमतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग त्या अशा खेळल्या, की मी तसा खेळ ना त्याआधी पाहिला, ना नंतर. एकामागून एक गोट्या जाळीत पडत गेल्या. शेवटची गोटी गेली तसा त्यांनी स्ट्रायकर टाकला आणि त्या पळाल्या. चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती. टाळ्या त्यांच्या पाठीमागे वाजत होत्या.

रुपराव सायकल घेऊन त्यांच्या मागे धावला. तो संध्याकाळी परतला. माझ्यावरची पावडर पुसता पुसता तो स्वतःशीच बोलत होता, म्हणून मला समजलं. "म्हातारा खाटेखाली पडला होता गा. माठापावेतो सरकत गेला, पण हात पुरला नाई. बाई दारातच बसल्या. मले म्हणे, रुपराव, पयला डाव मी जिंकले असते तं दोन डावांतच मोकळी झाले असते. तेच ते बोलून राहिल्या."

त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

तेराव्यानंतर सुमतीबाई कामावर आल्या. टेबलावर जिंकलेला कप ठेवलेला होता. साहेबांचे डोळे भरले होते. ते खरंच भरले होते, खोटं नव्हतं ते. ते म्हणाले, "तुम्हाला काहीही हवं असेल तर सांगा." सुमतीबाईंनी कप खणात ठेवला आणि शीट पुढे ओढली. साहेबांना राहवलं नाही. त्यांनी काय करावं? माझ्यासाठी नव्या गोट्या मागवल्या.

त्यानंतर सुमतीबाई माझ्याकडे कधी फिरकल्या नाहीत. त्यांनी साहेबांकडे पुन्हा कधी काही मागितलंही नाही.

वर्षं गेली. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीला नवं यंत्र आलं, पडद्याचं, टेबलावर मावणारं. मोठा बंगला ठेवणं परवडेना. मुंबईहून हुकूम आला, की शीट भरणाऱ्यांनी आता घरूनच काम करावं, जागा वाचेल. लोकांचे आकडे बाहेर कसे जाणार, हे या वेळी कुणीच विचारलं नाही. कूलर विकला. चहा आणि पोहे बंद झाले. प्रेमलता रडली, तिला ऑफिस आवडायचं. सुमतीबाईंना हुकूम वाचून दाखवला, तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "आता?"

साहेबांनी मला त्यांच्याकडे पाठवायचं ठरवलं. "तुम्ही चॅम्पियन आहात. आठवण म्हणून राहू द्या," ते म्हणाले. प्रेमाने दिलेलं होतं, नाही कसं म्हणणार? रुपरावाने मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि जुन्या शुक्रवारीत आणलं. इतक्या वर्षांनी मी घरी पडलो. शालिकरामाचा आशीर्वाद असा फळला!

त्या घरात टेबल नाही. गोपाळरावांची खाट आहे. सुमतीबाईंनी मला त्या खाटेवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर शीट पसरल्या. तेव्हापासून त्या जमिनीवर बसतात आणि माझ्यावर लिहितात. सोमवारी रुपराव कापडी पिशवीतून कागद आणतो, आठवड्याने घेऊन जातो. मध्ये कुणी येत नाही. दार उघडंच असतं. कुलूप लावायची आता गरज नाही. त्या दिवसभर घरीच असतात आणि दिवसभर एकट्याच असतात.

मित्रांनो, माझ्यासारखे बोर्ड शेवटी विनवतात, की आम्हाला उन्हात टाकू नका, आमच्यावर पाणी सांडू नका, पावडर पुसून ठेवत जा. मला त्यातलं काही नको. माझी चौकट उकलली तर उकलू द्या. एवढंच मागतो, की कुणी तुमच्याकडे येऊन म्हणालं, मला घरी जायचंय, तर त्याच्यापुढे कॅरम आणून ठेवू नका. त्याला घरी जाऊ द्या, आणि लवकर जाऊ द्या.

परवा दुपारी सुमतीबाईंनी शीट उचलून बाजूला केल्या. मला वाटलं, पुसायचं असेल. त्यांनी कपाटाच्या खणातून स्ट्रायकर काढला, माझ्या समोरच्या रेषेवर, गोपाळरावांच्या डाव्या हाताशी येईल असा ठेवला आणि बराच वेळ वाट बघत बसल्या. मग त्यांनी तो उचलला आणि पुन्हा शीट पसरल्या.